बॉक्स्टरचा क्लच : सुट्या भागांची निवड, रत्नागिरी

४ ऑक्टोबर २०२४
पोर्शे बॉक्स्टर, २.७ लिटर, पाच गिअरची मॅन्युअल गाडी आज कामाला घेतली. मालक आंब्याचे बागायतदार असून पावसाचे चार महिने ते ही गाडी काढतच नाहीत. सप्टेंबरच्या अखेरीस त्यांनी इंजिन सुरू केले तेव्हा पेडल पूर्ण दाबूनही गिअर पडत नव्हता, आणि थोड्या खटपटीनंतर एक जोराचा आवाज होऊन क्लच सुटला. दमट हवेत उभ्या राहिलेल्या गाडीच्या फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चकतीवर, गंज धरतो आणि क्लच प्लेट त्याला चिकटून बसते. किनारपट्टीवर ट्रॅक्टरपासून मोटारीपर्यंत सगळीकडे हे दिसते, त्यामुळे त्यात नवल काही नाही. मात्र चिकटलेली प्लेट सुटल्यावर क्लच स्लिप होऊ लागला, म्हणजे पूर्ण न धरता घसरू लागला, ही तक्रार वेगळी आहे आणि तिचे मूळ जुने असावे.

हातखंब्याच्या दिशेने सपाट रस्त्यावर गाडी चालवून पाहिली. पाचव्या गिअरमध्ये कमी वेगावरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिनाचे फेरे चढतात, परंतु त्या प्रमाणात वेग वाढत नाही. पेडल अगदी वरच्या टोकाला आल्यावर क्लच धरतो. प्लेट संपत आल्याची ही लक्षणे आहेत. मालकांच्या घराकडे जाणारी चढण मी पाहिलेली आहे. फाटकापुढे गाडी वळवायला जागा नसल्यामुळे ती उलटी चढवावी लागते, आणि रिव्हर्स गिअरमध्ये सुमारे तेराशे किलोची गाडी हाफ क्लचवर रेटत नेणे म्हणजे प्रत्येक वेळी प्लेटचा थोडा थोडा भाग जाळणे होय. महामार्गावर लाखभर किलोमीटर सहज टिकणारा क्लच अशा घरी त्याच्या निम्म्यातही जाऊ शकतो. भाग निवडताना गाडीच्या कमाल वेगापेक्षा या चढणीचा विचार आधी करावा लागणार आहे.

६ ऑक्टोबर
भागांची मागणी नोंदवण्यापूर्वी गाडीची ओळख पक्की करणे आवश्यक होते. आरसी पुस्तकावर नोंदणीचे साल २००८ आहे, परंतु चेसिस क्रमांकातील दहावे अक्षर ७ आहे, म्हणजे मॉडेल वर्ष २००७ ठरते. आयात केलेल्या गाडीची नोंदणी पुढच्या साली होणे सामान्य आहे. हा फरक कागदोपत्री किरकोळ असला तरी सुट्या भागांच्या यादीत तो किरकोळ नाही. या पिढीच्या बॉक्स्टरमध्ये २००५ आणि २००६ या वर्षांचे २.७ लिटरचे इंजिन २४० अश्वशक्तीचे होते आणि २००७ पासून एम९७ मालिकेतील २४५ अश्वशक्तीचे इंजिन आले. ‘२००५ ते २००८ बॉक्स्टर’ एवढ्याच शीर्षकाखाली क्लच सेट विकणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याकडून माल घेण्यापूर्वी चेसिस क्रमांक पाठवून भागाचा क्रमांक लेखी मागवायचा, असे ठरवले. पाच गिअर आणि सहा गिअर यांचे गिअरबॉक्स निराळे आहेत, हेही त्या पत्रात स्पष्ट लिहिले.

९ ऑक्टोबर
आधी भाग मागवावेत की आधी गिअरबॉक्स उतरवावा, यावर आमच्यात बराच खल झाला. मुंबईत असतो तर सेट हाती घेऊनच गाडी लिफ्टवर घेतली असती, कारण राहिलेला भाग संध्याकाळपर्यंत मिळू शकला असता. येथे परदेशातून येणाऱ्या एकेका भागासाठी दोन-तीन आठवडे लागतात, आणि तोवर लिफ्ट अडून राहते. तरीही आधी उघडायचे असे ठरवले. फ्लायव्हील टाकावे लागणार की राहणार हे पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि या गाडीत फ्लायव्हीलची किंमत संपूर्ण क्लच सेटपेक्षा जास्त आहे. अंदाजाने मागवून ते पडून राहिले तर भुर्दंड मालकांना, आणि न मागवता ते लागले तर खोळंबा आम्हाला. परवा खंडेनवमी असून त्या दिवशी हत्यारांची पूजा होईल, त्यानंतर दसरा. म्हणजे काम दसऱ्यानंतरच सुरू होईल.

१५ ऑक्टोबर
गिअरबॉक्स खाली घेतला. इंजिन आसनांच्या मागे आणि गिअरबॉक्स त्याच्याही मागे असल्यामुळे इंजिन जागेवर ठेवूनच हे काम होते: खालचे आधारपट्टे, सायलेन्सर, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट आणि गिअरच्या केबल सोडवल्या, इंजिनाला खालून टेकू दिला आणि बॉक्स मागे ओढला. सायलेन्सरच्या नट-बोल्टांनी खाऱ्या हवेची साक्ष दिली. त्यांतले काही कापूनच काढावे लागले, त्यामुळे ते यादीत आले.

क्लच प्लेटवरील अस्तर रिव्हेटपर्यंत झिजले आहे. व्यास २४० मिलिमीटर. क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या पृष्ठभागावर निळसर डाग आहेत, आणि तिच्या डायफ्रॅम स्प्रिंगच्या बोटांवर रिलीज बेअरिंगने (पेडल दाबल्यावर ती बोटे ढकलणारे बेअरिंग) खोल चर कोरले आहेत. क्लच प्लेट ज्यावर सरकते त्या गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या खाचांवर तांबूस गंज आहे, परंतु खाचा झिजलेल्या नाहीत. क्लचला झाकणाऱ्या बेल हाउसिंगच्या तळाशी तेलाचा पातळ थर आहे. तो इंजिनाचा की गिअरबॉक्सचा, हे वास आणि रंग पाहून ठरवले: तेल इंजिनाचेच आहे. इंजिनाच्या क्रँकशाफ्टचा मागचा सील बदलायचा हे तेव्हाच नक्की झाले.

१६ ऑक्टोबर
आजचा दिवस फ्लायव्हीलला दिला, कारण या प्रकल्पातला खरा निर्णय तोच आहे.

या गाडीला ड्युअल मास फ्लायव्हील आहे. त्यात दोन चकत्या असतात. पहिली क्रँकशाफ्टला बोल्टने जखडलेली असते, दुसरीवर क्लच बसतो, आणि दोहोंच्या मध्ये ग्रीसमध्ये बुडालेल्या लांब वक्र स्प्रिंगा असतात. पिस्टनच्या प्रत्येक धक्क्याबरोबर क्रँकशाफ्टला बसणारा हिसका या स्प्रिंगा पचवतात आणि गिअरबॉक्सकडे तुलनेने एकसंध फेरा पाठवतात. जर्मनीतील बूल येथील लूक कंपनीने १९८५ साली अशा फ्लायव्हीलचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन सुरू केले. त्याचे दोन शत्रू आहेत. पहिला उष्णता: सतत हाफ क्लच ठेवल्यास दुसरी चकती तापते, आतले ग्रीस पातळ होऊन बाहेर पडते आणि स्प्रिंगा कोरड्या घासू लागतात. दुसरा शत्रू अगदी कमी फेऱ्यांवर इंजिन रेटण्याची सवय. या गाडीच्या चढणीने पहिल्याला भरपूर खाद्य पुरवले आहे.

तपासणी तीन प्रकारे केली. दुसरी चकती हाताने दोन्ही दिशांना फिरवून, स्प्रिंगचा जोर लागेपर्यंत ती किती अंश मोकळी फिरते, हे खूण करून मोजले आणि निर्मात्याच्या तक्त्यातील मर्यादेशी ताडले. ते मर्यादेच्या अगदी काठावर आहे. मग चकती आत-बाहेर हलवून डुलण्याची तपासणी केली; ती समाधानकारक आहे. शेवटी घर्षणाचा पृष्ठभाग धुऊन भिंगाखाली पाहिला. तेथे निळे डाग आहेत, काही ठिकाणी उष्णतेच्या बारीक भेगा आहेत, आणि कडेशी ग्रीस बाहेर आल्याच्या काळ्या रेघा आहेत. साध्या फ्लायव्हीलवर अशा भेगा दिसल्या असत्या तर लेथवर हलका हात मारून ते वापरले असते. ड्युअल मास फ्लायव्हीलला निर्माते तशी परवानगी देत नाहीत, आणि बाहेर गेलेले ग्रीस तर कोणताच लेथ परत आणू शकत नाही. ते बदलायचे ठरले.

त्याच्या जागी काय बसवायचे, यावर मालकांचे पुण्यात नोकरी करणारे चिरंजीव फोनवर होते. “हलकं फ्लायव्हील टाकलं की इंजिन पटकन फिरतं, मग तेच टाकूया की,” असा त्यांचा आग्रह. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. एकसंध ॲल्युमिनियमचे फ्लायव्हील वजनाला बरेच कमी असते, त्यामुळे इंजिनाचे फेरे लवकर चढतात आणि लवकर उतरतात. रेसच्या मैदानावर तो गुणच ठरतो. पण फेरे लवकर उतरतात याचाच अर्थ असा की चढावर गाडी सोडताना इंजिनाकडे साठवलेली ऊर्जा कमी असते, आणि चालकाला अधिक ॲक्सिलरेटर देऊन अधिक वेळ हाफ क्लच धरावा लागतो. ज्या कारणाने जुना क्लच गेला, त्याच कारणाला आपण पैसे खर्चून बळ देऊ. शिवाय मधल्या स्प्रिंगा गेल्या की इंजिनाची कंपने गिअरबॉक्सपर्यंत पोहोचतात आणि न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीतून गिअरांचा खडखडाट ऐकू येतो. क्रँकशाफ्टच्या पिळाच्या कंपनांचा प्रश्न तर त्याहून गंभीर आहे. या इंजिनात ती शमवण्याचे काम मुख्यतः हे फ्लायव्हीलच करते.

आणखी एक बाब विक्रेते सहसा सांगत नाहीत. ड्युअल मास फ्लायव्हीलबरोबर येणाऱ्या क्लच प्लेटचा हब, म्हणजे शाफ्टवर बसणारा मधला भाग, ताठ असतो, त्यात स्प्रिंगा नसतात, कारण ते काम फ्लायव्हील करते. एकसंध फ्लायव्हील बसवले तर स्प्रिंगा असलेल्या हबची निराळी प्लेट घ्यावी लागते. एक भाग बदलल्यावर दुसरा आपोआप बदलतो. हे लक्षात न घेता ताठ हबची प्लेट एकसंध फ्लायव्हीलवर बसवलेल्या गाड्या असतात, आणि मग गिअरबॉक्सच्या आवाजाची तक्रार घेऊन त्या दुसऱ्या गॅरेजात जातात.

मालकांनी सगळे ऐकून घेतले आणि चिरंजीवांना म्हणाले, “अरे, गाडी घराकडं चढायला हवी, ट्रॅकवर नको.” नवे ड्युअल मास फ्लायव्हील, लूकचेच, असे ठरले.

१८ ऑक्टोबर
क्लच सेटचा निर्णय त्या मानाने सोपा होता. बाजारात तीन पर्याय दिसतात: मूळ प्रकारची सेंद्रिय अस्तराची प्लेट, अधिक दाबाची प्रेशर प्लेट असलेला ‘स्पोर्ट’ सेट, आणि धातुमिश्रित चकत्यांची रेसची प्लेट. तिसरा पर्याय लगेच बाद केला. तो एकदम धरतो, हाफ क्लच जवळजवळ सहन करत नाही, आणि लोहयुक्त मिश्रणाच्या चकत्या दमट हवेत अधिक गंजतात.

दुसऱ्या पर्यायासाठी थोडे गणित केले. इंजिनाचा कमाल टॉर्क २७३ न्यूटन-मीटर आहे. घर्षणाची दोन पृष्ठे, घर्षणांक सुमारे ०.३ आणि सरासरी त्रिज्या सुमारे १०० मिलिमीटर धरली, तर एवढा टॉर्क वाहून नेण्यासाठी साधारण ४५५० न्यूटन दाब पुरतो. त्यावर चाळीस टक्के राखीव धरला तरी आकडा ६४०० न्यूटनच्या आत राहतो, आणि मूळ प्रकारच्या प्रेशर प्लेटला तो जड नाही. इंजिनात काही फेरफार केलेला नसताना अधिक दाब घेण्याने फक्त पेडल जड होईल, आणि तो जादा भार फोर्क (रिलीज बेअरिंग ढकलणारा दांडा), रिलीज बेअरिंग व क्लचचा हायड्रॉलिक सिलिंडर यांच्यावर रोज पडेल. म्हणून झॅक्स कंपनीचा मूळ प्रकारचा सेट निवडला. श्वाइनफुर्ट येथे १८९५ साली सुरू झालेली ही कंपनी आता झेडएफ समूहात आहे, आणि या गाडीला मुळात बसवलेली प्लेटही तिचीच निघाली.

सेटमध्ये प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एवढेच येते. बेअरिंग ज्या नळीवरून सरकते ती मार्गदर्शक नळी, फोर्कच्या टेकूची प्लास्टिकची बुश, इनपुट शाफ्टच्या टोकाला आधार देणारे पायलट बेअरिंग आणि बोल्ट हे सगळे स्वतंत्र घ्यावे लागते. या किरकोळ भागांवर पैसे वाचवणाऱ्यांबद्दल मला नेहमी आश्चर्य वाटते; नळी घासलेली असेल तर नवे बेअरिंगही त्यावर अडखळत सरकते आणि पेडल थरथरते. फोर्क मात्र भेगांत शिरून त्या दाखवणाऱ्या रंगद्रव्याने तपासला, त्याला तडा नाही, तो राहील.

१९ ऑक्टोबर
क्रँकशाफ्टचा मागचा सील बदलायचा हे ठरलेलेच आहे. नवा सील पीटीएफई या प्लास्टिकचा (टेफ्लॉनचा) असतो आणि तो कोरडाच बसवायचा असतो. सवयीने त्याच्या ओठाला तेल लावणारे कारागीर पुष्कळ आहेत, म्हणून ही सूचना फळ्यावर लिहून ठेवली. सील सरळ आणि ठरावीक खोलीपर्यंत जावा यासाठी मिरजोळे एमआयडीसीतील लेथवाल्यांकडून ॲल्युमिनियमचा ठोकळा करून घेतला.

क्रँकशाफ्टकडून कॅमशाफ्टच्या चेन फिरवणाऱ्या मध्यवर्ती शाफ्टच्या बेअरिंगबद्दल मालकांनी विचारले. पोर्शेच्या या इंजिनांबाबत त्या बेअरिंगची भीती जगभर पसरली आहे, आणि गिअरबॉक्स उतरलाच आहे तर तेही बदलून टाका, असे सगळेच सांगतात. परंतु येथे मॉडेल वर्ष निर्णायक ठरते. आधीच्या इंजिनांमधील लहान बेअरिंग गिअरबॉक्सच्या बाजूने ओढून काढता येते. २००६ ते २००८ या वर्षांतील मोठे बेअरिंग इंजिनाचे दोन भाग वेगळे केल्याशिवाय निघत नाही, आणि ते तुलनेने अधिक भरवशाचे मानले जाते. काही जण झाकण काढून बेअरिंगची बाहेरची सील तेवढी टोकदार अवजाराने उचकटतात, म्हणजे इंजिनाच्या तेलाने ते भिजत राहील. युक्ती तर्काला धरून आहे, पण त्यासाठी क्रँक आणि कॅमशाफ्ट जागेवर जखडून चेनचे टेन्शनर सैल करावे लागतात. ऑइल फिल्टर कापून त्याची घडी उलगडून पाहिली: धातूचा एकही कण नाही. झाकणाची कडही कोरडी आहे. तेथे हात लावायचा नाही. दर वर्षी, पावसाळा संपल्यावर, किलोमीटर कितीही झालेले असोत, तेल बदलून फिल्टर कापून पाहायचा, असे मालकांना लिहून दिले.

२१ ऑक्टोबर
हायड्रॉलिक भाग. गिअरबॉक्सजवळ फोर्क ढकलणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरची रबरी टोपी उलटवली तर आत ओलावा आणि गंजाची पूड निघाली. गळती अजून नाही, पण ती होईल तेव्हा भर ऑगस्टमध्ये एखाद्या घाटात होईल. नवा सिलिंडर घेतला. पेडलजवळचा मास्टर सिलिंडर कोरडा आहे, तो राहील.

ब्रेक ऑइलवर थोडे अधिक लिहायला हवे. या गाडीत क्लच आणि ब्रेक एकाच टाकीतून तेल घेतात. डॉट ४ प्रतीचे (डॉट हे ब्रेक ऑइलचे मानक) तेल हवेतील पाणी शोषते. कोरडे असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तो पाणी शोषल्यावर १५५ अंशांपर्यंत उतरला तरी मानकात बसतो. क्लचची नळी शेवटी बंद असते, तेथील तेल फिरत नाही, त्यामुळे ब्रेकचे तेल बदलताना क्लचकडचे तसेच राहून जाते. येथून काढलेले तेल चहासारखे तपकिरी होते. दोन वर्षांनी तेल बदलावे असे पुस्तक सांगते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या रत्नागिरीत मी दरवर्षी बदला असेच सांगतो. डॉट ५.१ का नको, हा प्रश्न सहकाऱ्याने विचारला. त्याचा उत्कलनबिंदू अधिक आहे हे खरे, पण पाणी तेही शोषते, आणि येथे अडचण पाण्याची आहे. डॉट ४ पुरेसे आहे. सिलिकॉनचे डॉट ५ या तेलात मिसळत नाही, त्यामुळे त्याचा विचारच नको.

२२ ऑक्टोबर
मागणी नोंदवली. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे घेतले. ते २५ न्यूटन-मीटरला कसून पुढे ९० अंश फिरवायचे असतात, त्यात ताणले जातात आणि म्हणून एकदाच वापरता येतात. विक्रेत्याला बिलावर प्रत्येक भाग स्वतंत्र ओळीत लिहायला सांगितले, कारण सीमाशुल्काच्या वर्गीकरणात क्लच आणि त्याचे भाग ८७०८ या शीर्षकाखाली येतात, फ्लायव्हील ८४८३ मध्ये आणि बेअरिंग ८४८२ मध्ये. ‘मोटारीचे भाग’ असा एकच मोघम शेरा असलेले बिल अडकते, आणि खुलासे पाठवण्यात दिवाळी निघून जाते. दिवाळीपूर्वी गाडी मिळणार नाही हे मालकांना आजच सांगून टाकले.

इनपुट शाफ्टवरचा गंज बारीक घासून काढला, ग्रीसचा पातळ हात दिला आणि बेल हाउसिंगचे तोंड प्लास्टिकने बांधून ठेवले. परतीचा पाऊस अजून येऊन-जाऊन आहे.

९ नोव्हेंबर
मुंबईहून रात्रीच्या गाडीने पार्सल आले. लूकच्या खोक्यावरील कोड तपासला, माल अस्सल आहे. फ्लायव्हीलची पिशवी उघडली नाही. बसवण्याच्या दिवशीच उघडायची. प्लेटचा हब शाफ्टवर सरकवून पाहिला, तो स्वतःच्या वजनाने खाली येतो. सायलेन्सरचे बोल्ट स्टेनलेसचे कोल्हापुरातून आणले.

१२ नोव्हेंबर
सील बसवला, खोली चार ठिकाणी मोजली, सगळीकडे सारखी आहे. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटच्या पृष्ठभागावर कारखान्यातून लावलेला गंजरोधक तेलाचा थर असतो; तो ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसला आणि नंतर उघड्या हातांनी स्पर्श केला नाही. प्लेट मध्यभागी आणून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे कसले, म्हणजे तिची कड वाकत नाही. हबच्या खाचांना ग्रीस लावून प्लेट एकदा सरकवली आणि बाहेर आलेले जादा ग्रीस पुसून टाकले. अस्तरावर ग्रीस उडाले तर एवढा सगळा खटाटोप फुकट जातो.

गिअरबॉक्स वर चढवताना त्याचे वजन इनपुट शाफ्टवर लोंबू द्यायचे नाही, एवढीच खबरदारी. जॅकवर नीट समतल धरल्यावर तो बोल्टांची ओढ न घेता सरकत जाऊन टेकला.

१३ नोव्हेंबर
क्लचच्या ओळीतून स्वच्छ तेल येईपर्यंत हवा काढली, मग चारही चाकांची काढली. पेडल आता वरून तिसऱ्या हिश्श्यावर धरते आणि जुन्यापेक्षा लक्षणीय हलके आहे.

१६ नोव्हेंबर
भाट्याच्या पुलापलीकडे आणि परत, नंतर आरे-वारेच्या चढणींवरून गणपतीपुळ्यापर्यंत गाडी फिरवली. न्यूट्रलमध्ये आवाज नाही, चढावर थांबून सोडताना थरथर नाही, बेल हाउसिंगचा तळ कोरडा आहे. पहिले सुमारे आठशे किलोमीटर पूर्ण ॲक्सिलरेटर द्यायचा नाही, म्हणजे अस्तर आणि चकती एकमेकांना बसतील.

मालकांशी दोन गोष्टी ठरल्या. फाटकापुढील जांभ्याचा बांध दीड मीटर मागे घेऊन गाडी वळवण्यापुरती जागा करायची. गवंडी डिसेंबरात येणार आहेत. आणि पावसाळ्यात गाडी झाकून ठेवली तरी आठवड्यातून एकदा इंजिन गरम करून क्लच अनेकदा दाबायचा व गाडी अंगणात पुढे-मागे न्यायची; या कामासाठी त्यांनी पुतण्याचे नाव सुचवले आहे, त्याला शनिवारी येथे बोलावून पद्धत दाखवली जाईल.